वर्धा जिल्ह्यात बीन कशी काढावी

हौशी वादकाने अभिजात सिंथेसायझरचा कोणता आवाज घरी काढायला घ्यावा, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. कोणी मिनीमूगचा भरदार बेस म्हणतो, कोणी डीएक्स-७ चा पियानो म्हणतो. या मार्गदर्शिकेने तो वाद निकालात काढला आहे. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याने 'नागिन' सिनेमातली बीन काढावी.

कारण उघड आहे. मिनीमूगचा बेस कितीही हुबेहूब निघाला तरी आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत त्याला दाद देणारं कोणी भेटायचं नाही. बीन मात्र लग्नातला आचारीसुद्धा ओळखतो, आणि चुकली तर अख्खी वरात थांबून मागे वळून पाहते. दातात रुमाल धरून दोन्ही तळव्यांचा फणा करणारा नवरदेवाचा मित्र हा या विषयातला सर्वांत कडक परीक्षक आहे. तो सूर चुकलेला खपवून घेईल, टोन चुकलेला नाही.

आता त्या बीनेचं कूळ पाहावं. १९५४ च्या 'नागिन'चं संगीत हेमंतकुमारांचं, पण बीन वाजवली ती त्यांचे सहायक कल्याणजी वीरजी शाह यांनी, क्लॅव्हिओलिन नावाच्या यंत्रावर. जोडीला रवी यांची हार्मोनियम. म्हणजे आपल्या आजोबांपासून लोक ज्या बीनेवर लोळत आले, तिच्यात तुंबी नाही, वेळू नाही आणि गारुडी तर नाहीच. हे कल्याणजी गिरगावातल्या किराणा दुकानदाराचे चिरंजीव. दुकानाची उधारी फेडता न आलेल्या एका गिऱ्हाइकाने पैशांऐवजी दुकानदाराच्या मुलांना संगीत शिकवलं, असं सांगतात. आपल्याकडे उधारी थकली तर दुकानदार नुसता बोर्ड लावतो. एवढ्या गावांतून एकही संगीतकार का निघाला नाही, त्याचं कारण इथे असावं.

क्लॅव्हिओलिन हे १९४७ मध्ये फ्रान्सच्या कॉन्स्तां मार्तां यांनी बनवलेलं वाद्य. तीन सप्तकांच्या पट्ट्या, आत व्हॉल्व्ह, वेगळ्या खोक्यात स्पीकर, आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा. एका वेळी एकच सूर वाजे. पियानोवाल्याने ते पियानोच्या पट्ट्यांखाली अडकवावं आणि मधून मधून व्हायोलिन-ट्रंपेटचा भास निर्माण करावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. काटेकोर अभ्यासक म्हणतील की हा सिंथेसायझर नव्हे, सिंथेसायझरचा चुलता. मान्य. पण लग्नात चुलत्यालाच जास्त मान असतो. याच यंत्रावर १९६२ मध्ये इंग्लंडच्या टॉर्नेडोज मंडळींनी 'टेलस्टार' वाजवलं आणि ते तिकडे आणि अमेरिकेत दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. तिकडे तो आवाज उपग्रहाचा म्हणून खपला, इकडे सापाचा म्हणून. यंत्राची कोणत्याच देशात तक्रार नव्हती.

पुढे खरे गारुडीही तुंबीवर तीच सिनेमाची चाल काढू लागले. म्हणून साधकाला पहिली ताकीद : अस्सल बीन ऐकून तिच्याबरहुकूम आवाज काढायच्या फंदात पडू नये. अस्सल बीनेला दोन नळ्या असतात. एक चाल वाजवते, दुसरी आधारस्वर धरून बसते, आणि श्वास न तोडता दोन्ही चालू राहतात. हा आवाज मेहनतीने काढून वरातीत वाजवलात तर लोक म्हणतील, "हे काय होय बाप्पा? नागिनसारखं वाजव ना!"

आता वाद्याची निवड. इकडे पट्ट्या असलेल्या आणि लाइनवर चालणाऱ्या प्रत्येक वाद्याला कॅसिओ म्हणतात. यामाहाचा असो की रोलँडचा, तो यामाहाचा कॅसिओ किंवा रोलँडचा कॅसिओ. यात दुरुस्ती करू नये, त्याने भाव वाढतो.

ज्यांना मिनीमूगच हवा आहे, त्यांच्यासाठी हिशेब खाली देत आहे. मूळ मॉडेल डी १९७० ते १९८१ बनला. मूग कंपनीने २०२२ मध्ये तो पुन्हा बाजारात आणला, किंमत सुमारे पाच हजार डॉलर. म्हणजे सव्वाचार लाख रुपये, सीमाशुल्क वेगळं. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे झाले छप्पन्न क्विंटल. कोरडवाहू एकरी पाच क्विंटल निघाला असं धरलं तर अकरा एकरांचं पीक. त्यात बियाणं, फवारणी, वेचाई वजा केलेली नाही आणि बोंडअळीलाही काही ठेवलेलं नाही. बदल्यात मिळतात चव्वेचाळीस पट्ट्या, पट्टीमागे सव्वा क्विंटल, आणि त्यातली एका वेळी एकच वाजते. हे गणित स्वतःशी करावं. घरात मांडू नये, कारण वडील शेवटी एकच प्रश्न विचारतील : "याच्यात ढोलकी वाजते का?" मिनीमूगमध्ये ढोलकी वाजत नाही.

बेहरिंगर कंपनीची त्याच मॉडेल डी ची नक्कल पुष्कळ स्वस्त पडते. पण तिला पट्ट्याच नाहीत. नुसती बटणं आणि वायरी घालायची भोकं. पट्ट्या नसलेला कॅसिओ आईला उघडून दाखवायचा असेल तर सणावाराचा दिवस टाळावा.

सर्वसामान्य साधकाने नागपूरच्या बर्डीवर जाऊन एकसष्ट पट्ट्यांचं वाद्य घ्यावं. नागपूरला जाण्याचं कारण घरी दुसरं काही सांगता येतं, हा यातला फायदा. दुकानात तीन गोष्टी पाहाव्यात. पट्टी जोरात दाबली तर आवाज मोठा आणि हळू दाबली तर लहान येतो का, डाव्या हाताला सूर ओढायचं चाक आहे का, आणि मागे यूएसबीचं भोक आहे का. बाकी सहाशे की आठशे टोन आहेत, यावर दुकानदार बोलत असताना आपण पाणी प्यावं. चाक नसेल तर वाद्य परत ठेवावं. बीन चाकात असते. भारतासाठी काढलेल्या मॉडेलांत सनई, सतार, तबला तयार असतात आणि यामाहाच्या काही वाद्यांत तानपुऱ्यासह रियाझाची सोयही आहे. तिचा उपयोग शेजारी आले असता करावा.

आता प्रत्यक्ष कृती. हिंगणघाटच्या माणसाला ती लवकर समजेल, कारण जुन्या सिंथेसायझरचं तत्त्व जिनिंगचं आहे : आधी सगळा माल आत घ्यायचा आणि मग नको ते काढून टाकायचं. सॉ किंवा पल्स या लहरींत वरचे स्वरांश भरपूर असतात. फिल्टर त्यातले हवे तेवढे ठेवतो. बीनेसाठी पल्स घ्यावी आणि तिची रुंदी पन्नास टक्क्यांवरून दहा-पंधरापर्यंत आणावी. आवाज सुकतो, नाकात जातो. लो-पास फिल्टर अर्ध्याच्या आसपास ठेवून रेझोनन्स थोडा चढवावा. फार चढवला तर शिट्टी होते आणि दारासमोर ऑटो उभा राहतो. वाद्य मोनोवर ठेवावं, म्हणजे दोन बोटं पडली तरी सूर एकच. पोर्टामेंटो अगदी थोडा. व्हायब्रेटो सेकंदाला सहा झोक्यांचा, पण सूर धरल्यावर जरा उशिरा सुरू होणारा. पहिल्या क्षणापासून हलणारा सूर नागाचा वाटत नाही, थंडी वाजलेल्या माणसाचा वाटतो.

घरगुती वाद्यात ही बटणं नसतील तर लॅपटॉपवर फुकट मिळणाऱ्या सर्ज किंवा व्हायटलमध्ये हेच सगळं करता येतं. तिथे बफर २५६ च्या वर नेऊ नये, नाहीतर पट्टी आता दाबावी आणि सूर पंगत उठल्यावर यावा असा प्रकार होतो.

या कामाला गावात सर्वांत लायक माणूस आधीच हजर आहे, आणि तो म्हणजे भजनी मंडळाचा पेटीवाला. हे मी थट्टेने लिहीत नाही. पियानो शिकलेला माणूस डावा हातही पट्ट्यांवर ठेवतो आणि मग सूर ओढायचं चाक रिकामं राहतं. पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर असतो. उजव्याने सूर लावायचा आणि डाव्याने त्याचा जीव कमी-जास्त करायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. मिनीमूगची दोन चाकं डावीकडे आहेत आणि क्लॅव्हिओलिनचा दांडा गुडघ्याशी आहे. एक सूर आणि त्यावर दुसऱ्या अवयवाचा ताबा, हीच दोन्हीकडची रीत. त्याला भात्याऐवजी चाक दिलं की पहिल्या तासात तो मींड काढतो. फक्त चाकाचा पल्ला दोन अर्धस्वरांवर बांधून ठेवावा. बाराचा ठेवला तर तो 'टेलस्टार'कडे निघून जाईल.

मींड निघते म्हटल्यावर एका माणसाचं नाव घेणं भाग आहे. मुंबईचे चरणजित सिंग, सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलँडचा ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे. मालकंसाला तेवढं पुरलं. तबकडी चालली नाही. १९८७ मध्ये शिकागोत ३०३ मधून निघालेल्या आवाजाला ॲसिड हाउस म्हणून डोक्यावर घेतलं गेलं, आणि २०१० मध्ये जुनी तबकडी पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक विचारायला लागले की हा माणूस पाच वर्षं आधीच तिथे कसा पोचला. तो तिथे गेलाच नव्हता, तो मुंबईतच होता. साधकाने यातून एवढंच घ्यावं की लोकांना आवडलं नाही म्हणजे आवाज वाईट असतो असं नाही. पण वरातीत हा युक्तिवाद चालत नाही.

डीएक्स-७ ची हौस असलेल्यांसाठी दोन ओळी. १९८३ चं हे यंत्र, सहा ऑपरेटर, बत्तीस अल्गोरिदम, मागचं गणित स्टॅनफर्डच्या जॉन चौनिंग यांचं. ते इतकं अवघड होतं की बहुतेकांनी त्याला हातच लावला नाही आणि कारखान्यातून भरून आलेले आवाजच जगभर वाजवले. त्या अर्थाने टोन नंबर एक लावून वर्षभर तोच वाजवणारा आपला गाववाला अभिजात परंपरेतलाच आहे.

जिल्ह्याच्या हवामानाबद्दल सूचना. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, कूलर लावल्याशिवाय बसता येत नाही आणि कूलर लावल्यावर काही ऐकू येत नाही. साधना पहाटे करावी. कापसाच्या हंगामात वाद्य झाकून ठेवावं. पट्ट्यांखालच्या रबराच्या पट्टीत धूळ गेली की काही सूर मुके होतात आणि काही एकदम पूर्ण जोरात वाजतात. मुके सूर बीनेत येत नसतील तर दुरुस्ती करू नये.

घराजवळ डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, असेल तर वेगळा विचार करावा. तिचा गुंजारव १०० हर्ट्झचा असतो. एकसष्ट पट्ट्यांच्या वाद्यावर डावीकडची पांढरी पाच ९८ हर्ट्झची आहे. म्हणजे डीपी पांढरी पाचमध्ये गाते, पण जरा चढी. वाद्याच्या ट्यूनिंगमध्ये ४४० चे ४४९ केले की दोघं सुरात येतात. डीपीला खाली आणण्यासाठी अर्ज देऊ नये.

शेवटी प्रयोग. वरातीची धुमाल पार्टी गाडीवर जनरेटर घेऊन येते. वाद्याचा अडॅप्टर आपल्याच पिशवीतला असावा. व्होल्ट आणि पिनेचा धन-ऋण जुळत नसताना "चालते ना भाऊ" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, त्यामुळे बीन साडेनऊला सुरू करावी. गाडीवर भोंगा असेल तर खालचे सूर त्यातून येणारच नाहीत. बेससाठी घेतलेली मेहनत विसरावी. बीन मात्र भोंग्यातून जास्त चांगली येते, कारण भोंगाही नाकातच बोलतो.

आणि वादकाने डोलावं. सापाला बाहेरचे कान नसतात. तो तुंबी हलते तिकडे बघून फणा हलवतो, चालीशी त्याला देणंघेणं नसतं. रस्त्यावर लोळणाऱ्या नागाचंही तेच आहे. तो गाडीवर कोण हलतंय हे एका डोळ्याने पाहत असतो. गारुड्याला वाद्य हातात असल्यामुळे हे जमतं, आपलं तर स्टँडवर बांधलेलं. म्हणून स्टँड भारी घेऊ नये. कैचीसारखा उघडणारा सगळ्यांत स्वस्त घ्यावा, त्याचा स्क्रू एक आटा ढिला ठेवावा, म्हणजे गाडी गतिरोधकावरून गेली की तो आपोआप डोलतो.