पेटाऱ्याचा पंचनामा

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्यांत बाटल्या शोधतात. दशावतारी मंडळींचा पेटारा मात्र बिनघोर सुटतो. त्यात सापडणार काय? देवांचे मुकुट, राजांचे अंगरखे, पुरुषांनी नेसायच्या साड्या. दंड करण्याजोगं काही नाही, आणि जपण्याजोगं कोणाला वाटत नाही. कोल्हापूरच्या भानू अथैयांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं. २०१२ मध्ये त्यांनी ते सुरक्षित राहावं म्हणून अमेरिकेतल्या अकादमीकडेच परत सोपवलं. आमच्या नटांना अमेरिका लांब पडते. त्यांनी पेटाऱ्यात वरच दोन बाटल्या ठेवाव्यात. मग पंचनामा होईल, एकेका अंगरख्याची यादी होईल, फोटो निघतील आणि आयुष्यभराचा साज एकदाचा सरकारी कुलपात जाईल.