गाडीचा एसी गार करण्याचा शास्त्रोक्त विधी

हा विधी एप्रिलअखेर करावा. त्याआधी काच खाली केली की भागतं.

सुरुवात नकाराने करावी. 'आज ऊनच फार आहे,' हे घरच्यांना आठवडाभर ऐकवावं. मग गाडीखाली पाणी ठिबकताना दिसेल. 'सापडलं लिकेज!' असं ओरडावं. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी असतं आणि ठिबकतंय म्हणजे आतली कूलिंग कॉइल अजून गार पडतेय. पण हे शेजारच्या काकांना सांगू नये. त्यांनी तोवर खाली वाटी सरकवलेली असते.

यानंतर सगळे एकमुखाने म्हणतात, 'गॅस भरून घ्या.' गॅस पेट्रोलसारखा जळून संपतो, अशी दृढ श्रद्धा हवी. तोच आर-१३४ए बंद नळ्यांतून फिरत राहतो, भराभर कमी झाला म्हणजे कुठून तरी निसटला, असली नास्तिक शंका मनात आणू नये. छोट्या गाडीत तो जेमतेम अर्धा किलो मावतो. दरसाल तेवढा भरावा आणि आकाशाला अर्पण करावा. तापमान वाढवण्यात तो कार्बन डायऑक्साइडला वजनास वजन हजारपटीहून भारी आहे. त्यामुळे पुढचा उन्हाळा आणखी कडक करण्याचं पुण्यही पदरी पडतं.

ज्यांची श्रद्धा डळमळली असेल, त्यांनी मेकॅनिकला उरलेला गॅस यंत्रात काढून घेऊन नायट्रोजनचं प्रेशर लावायला सांगावं. मग जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधावेत. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही पाझरतं, म्हणून जिथे तेलकट धूळ चिकटलेली दिसेल तो पहिला संशयित. चोर पुष्कळदा भुरटा निघतो: झिजलेली ओ-रिंग, नाहीतर गॅस भरायच्या व्हॉल्व्हची पिन. कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे छाती काढून उभा असतो, हायवेवरचे खडे तोच झेलतो. कूलिंग कॉइल फुटली असेल तर मात्र बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो पुन्हा बसतो, पण पूर्वीसारखा गप्प बसत नाही.

दुरुस्तीनंतर अर्धा तास व्हॅक्यूम मारावा. पंप बंद केल्यावर मीटरचा काटा परत चढू लागला, तर फेसाची बादली ओतून देऊ नये. काटा थांबला तर गॅस वजन करून भरावा. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. मेकॅनिक पाइप चाचपून 'झालं साहेब' म्हणाला, तर नम्रपणे स्टिकरवर बोट ठेवावं. ते धुळीखाली असतं. फडकं घरून न्यावं.