तीट पुसणारी सफाई

बारशाच्या फोटोंवर करण्यासारखे काम असते तरी किती? वाकडी चौकट सरळ करायची, अंधारलेले चेहरे जरा उजळायचे, कडेला घुसलेला मांडववाल्याचा हात कापायचा. एवढ्यासाठी लोक थेट फोटोशॉप घेतात, लेअर आणि मास्क पाहून भांबावतात आणि शेवटी बाळाच्या गालावरची तीटच डाग समजून पुसतात. फोटोशॉपला पर्याय असलेले गिंप फुकट आहे खरे, पण फुकट म्हणजे सोपे नव्हे. नवख्याला गुगल फोटोज किंवा स्नॅपसीडमधले क्रॉप आणि ब्राइटनेस पुरून उरते. ‘मग व्यावसायिक सफाई कशी येणार?’ असे कोणी विचारेल. ही सफाई म्हणजे बहुधा आजीच्या सुरकुत्यांवर फिरवलेली इस्त्री. नंतर आजी कोणती आणि सून कोणती, हे साडीवरून ओळखायचे.

सोपी साधने टिकत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा. पिकासा हा असाच सोपा फोटो-संपादक घरोघरी जमायचा. गुगलने २०१६ साली तो गुंडाळला. म्हणून फिल्टर मोजत बसू नका, सॉफ्टवेअर मूळ फोटो शाबूत ठेवते का ते पाहा. जेपेग पुन्हापुन्हा बदलून सेव्ह केला की तपशील झिजतो, आणि व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फोटोत तो आधीच उडालेला असतो. तेव्हा मामाकडून फोटो मागवाल तो डॉक्युमेंट म्हणून मागवा.