नालीचा अर्ज

सांडपाणी शुद्ध करायची लहर एखाद्या नगरपंचायतीला आलीच, तर तिच्या हितचिंतकांनी तिला वेळीच आवरावं. प्रकल्प म्हटला की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आधी उभारण्याची संमती, मग चालवण्याची संमती. त्यावर पाण्याचे नमुने. 2017 च्या अधिसूचनेने आमच्या सिंदेवाहीएवढ्या गावांना लिटरमागे 30 मिलिग्रॅम बीओडीची, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाची, मुभा दिली होती. 2019 मध्ये हरित लवादाला ती सैल वाटली. महानगरांसाठी सुचवलेला 10 चा आकडा साऱ्या देशाला लावा, असं त्याने सांगितलं. म्हणजे यंत्र बसवा, वीजबिल भरा, ऑपरेटर सांभाळा, आणि नमुन्यात अकरा निघाले की खुलासा लिहायला बसा.

न बांधणारा मात्र सुखी. नाली आहे, उतार आहे, बाकीचं पृथ्वी बघते. प्रकल्पच नाही, तर त्याचा नमुना नापास कसा होणार?

"मिलीच्या पाण्याले कागद लागते, मंग नालीले काहून नाही जी?" उकडा तांदूळ काढणाऱ्या एका गृहस्थांनी टपरीवर विचारलं. भोळा माणूस. मिलीला मालक असतो, नोटीस कुणाच्या दारावर चिकटवायची ते साहेबांना ठाऊक असतं. नालीला असतात फक्त मतदार.

उताराचं शास्त्र आमच्या भागाला नवं नाही. कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार पाहून पाळी घातल्या, तलाव बांधले, धानाच्या बांध्या भिजवल्या. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा होऊन मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव झाले. पाणी खाली जातं हे त्यांना कळलं होतं, तसं आम्हालाही कळलं. त्यांनी ते अडवलं, आम्ही सोडलं.

कायदा गप्प बसलेला नाही, हेही सांगायला हवं. 1980 मध्ये रतलामच्या गटारांच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी पालिकेला बजावलं, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. तेव्हापासून पैसे नाहीत असं कुणी म्हणत नाही. डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तयार होतोय, असं म्हणतात. मार्च 2021 नंतर अपुऱ्या राहिलेल्या प्रत्येक प्रकल्पामागे महिन्याला 10 लाखांची भरपाई लवादाने ठरवली. सप्टेंबर 2022 मध्ये सांडपाणी आणि घनकचरा मिळून अख्ख्या महाराष्ट्रावर 12,000 कोटी बसवले. सरकारने चुकायचं आणि भरायचं करदात्याने, अशी ही सोय आहे.

तरी एक वाट उरते. 1974 च्या जल कायद्याचं कलम 25 सांडपाण्याला सूट देत नाही. संमतीशिवाय सांडपाणी सोडायचं नाही, मग सोडणारी नगरपंचायत का असेना. याच कलमात पुढे मोठी गोड तरतूद आहे: अर्ज केल्यापासून चार महिन्यांत होय-नाही काहीच आलं नाही, तर संमती मिळाली असं मानायचं, आणि तीही बिनशर्त! धानाच्या पिकालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. रोवणीला अर्ज टाकला की कापणीपर्यंत नाली कायदेशीर. साहेबांनी उत्तर न देण्याचं तेवढं मनावर घ्यावं, आणि त्याबाबत आम्हाला पूर्ण भरवसा आहे.

अडचण एकच. अर्ज सर्व बाजूंनी परिपूर्ण असला पाहिजे, असंही तिथेच लिहिलंय. त्याला शुद्धीकरण प्रकल्पाचा तपशील जोडावा लागतो. तो मागायला आम्ही एका नगरसेवकांकडे गेलो.

"बसा जी," ते म्हणाले, "डीपीआर तयार होऊन राहिला."