रोपवाले सर

रोपवाले सर ओळखायचे ते त्यांच्या खिडकीवरून. कट्ट्यावर चहाचे कागदी कप, दुधाच्या पिशव्या, दह्याचे डबे, आणि प्रत्येकावर मार्करने घातलेली तारीख. भोकरलाच नव्हे, कुठल्याही तालुक्याच्या गावी असे एकदोन सर असतातच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून नाहीतर बँकेतून निवृत्त झालेले. झेंडू-शेवंतीवर हात बसला की त्यांना परदेशी बियाण्याचे वेध लागतात आणि ऑनलाइन ल्युपिन या फुलझाडाचं पाकीट येतं. सर त्यावरच्या सूचना पेन्सिलीने अधोरेखित करतात, बी रात्रभर भिजत घालतात. कारण त्याची साल टणक, न भिजवता किंवा सँडपेपरवर न घासता पेरलं तर ते मातीत ढिम्म पडून राहतं. इथपर्यंत त्यांचं काहीही चुकत नाही. माझं म्हणणं इतकंच, की सरांची रोपं अज्ञानानं मरत नाहीत, मायेनं मरतात.

पुरावा कपातच सापडतो. एका कपात दोन बिया टाकाव्यात आणि दोन्ही उगवल्या तर अशक्त रोप खुडावं, हे सर अख्ख्या गल्लीला सांगतात; स्वतःच्या कपात मात्र दोन्ही ठेवतात. "असू द्या हो, आत्ताच कुठं उभारलंय बिचारं." ऊन लागेल म्हणून कप आत, मग रोप उजेडाकडे मान काढत लांब, फिकट, किडमिडं होतं. ते बघून सर पाणी वाढवतात. ओल आणि कोंदट हवा मिळाली की बुरशी देठ मातीलगत धरते आणि सकाळी रोप आडवं. शेतकरी याला रोप कोलमडलं म्हणतात. सर म्हणतात, हवामान बदललंय. जे वाचतं त्याचं सोटमूळ कपाच्या तळाशी जाऊन गुंडाळतं, आणि असं रोप पुढे चांगल्या मातीतही सावरत नाही. म्हणून चार-सहा खरी पानं आली की ते हलवायला हवं. हा मुहूर्त सर दर रविवारी पुढे ढकलतात. पोराला दहावीनंतर लातूरला शिकवणीसाठी होस्टेलात सोडताना ज्यांचा आवाज हलला नाही, त्यांचा हात इथे थरथरतो.

भोकरचं ऊन सोसवेल का, असं सरांच्या बाजूने कुणी विचारील. मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो हे मान्य. पण मे महिन्यात ल्युपिन पेरायला सांगतं कोण? मैदानी मुलखात ते ऑक्टोबरात पेरतात. तेव्हाचं सकाळचं ऊन पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं जास्त, असं आठ-दहा दिवस दाखवलं की रोप कणखर होतं. नर्सरीवाले मिरचीचं रोप असंच तयार करतात. दुसरा आक्षेप जमिनीचा, आणि तो खरा आहे. आपली काळी माती चुनखडीची. ल्युपिनला किंचित आम्ल माती लागते, चुन्यात त्याला लोह उचलता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. सरांना हा आक्षेप फार प्रिय, कारण अपयश जमिनीच्या नावावर चढवता येतं. पण खोल कुंडीत लाल माती, वाळू आणि कुजलेलं खत भरलं की तो आक्षेप उरत नाही. (काही सर बियाला सोयाबीनचं उरलेलं रायझोबियमही चोळतात. ल्युपिनच्या गाठींतले जिवाणू वेगळे. त्यामुळे उपयोग शून्य, समाधान भरपूर.)

पाकिटावर 'रसेल' असं छापलेलं असतं. जॉर्ज रसेल हा इंग्लंडातल्या यॉर्कचा माळी. त्याने भाड्याच्या वाफ्यात वर्षानुवर्षं ल्युपिन वाढवले, परागीकरण मधमाश्यांवर सोडलं आणि मनास न आलेलं प्रत्येक रोप निर्दयपणे उपटलं. 1937 साली त्याचे रंगीबेरंगी तुरे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात गाजले. तेवढी निर्दयता पाकिटात घालून मिळत नाही.

तेव्हा दिवाळीनंतर एखाद्या सरांनी असा कप तुमच्या हाती दिलाच, तर नाही म्हणू नका. रोपाला आठ दिवस ऊन दाखवा, मग संध्याकाळी कप फाडून, मुळाला धक्का न लावता कुंडीत लावा. दोन दिवसांनी "ऊन जास्त होत नाही ना?" असं विचारत सर फाटकाशी येतील. त्यांना बसवा, चहा पाजा. पण कुंडी सावलीत सरकवू देऊ नका.