चार एचपी शिल्लक

म्युनिकच्या आमच्या मंडळात गणपतीची बैठक चालली होती. भजनाला पेटी कोण वाजवणार, असा विषय निघाला तेव्हा वहिनी सहज म्हणाल्या, "आमच्या घरी आहे की पेटी. रोज रात्री दोनपर्यंत तिच्यातच डोकं घातलेलं असतं." नवरा बैठकीला आलेला नव्हता, त्यामुळे त्याची नेमणूक एकमताने झाली. ही पेटी म्हणजे मोड्युलर सिंथेसायझरचा रॅक, तिला भाता नाही, पट्ट्या नाहीत आणि एक सूर काढायला पंधरा वायरी लागतात, हे पुढच्या रविवारी त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

असे रॅकवाले जगभर सापडतात, पण म्युनिकचा रॅकवाला स्वतःला पंढरपुरातच घर असलेला वारकरी समजतो. कारण शहराला लागून पश्चिमेला ग्रेफेल्फिंग आहे आणि तिथल्या डीटर डोप्फर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस जी मापं ठरवली, त्यांनाच आज जग युरोरॅक म्हणतं. रुंदी मोजायची एचपीत. इथे एचपी म्हणजे हॉर्सपॉवर नव्हे. एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. एका रांगेत साधारण ८४ एचपी. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये वाढलेल्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागत नाही. आपला रॅकवाला तसाच वाढलेला.

आम्ही गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक मोड्युल, घेतलेलं किंवा घ्यायचं. फिल्टर डावीकडे सरकवला की एन्व्हलपला जागा होत होती, पण मग मिक्सर गॅलरीत झोपायला जात होता. मला शिंक आली आणि तीन महिन्यांचं नियोजन सोफ्याखाली गेलं. तो काही बोलला नाही. फक्त गुडघ्यावर बसून एकेक पट्टी गोळा करताना म्हणाला, "बारा एचपीवाली दिसते का रे तुझ्या पायाशी?"

समतोल हा त्याचा आवडता शब्द. त्याच्याकडे ऑसिलेटर पाच आणि व्हीसीए एक. ऑसिलेटर सूर काढतो. व्हीसीए हा त्या सुराचा नळ, विजेच्या दाबाने उघडणारा आणि मिटणारा. नळ नसेल तर टाकी रिकामी होईपर्यंत पाणी चालूच. पाचही ऑसिलेटर एकदम ओरडायला लागले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी छताला झाडू ठोकला. वहिनींना यातलं काही कळत नाही असं तो म्हणतो. वहिनींनी मात्र एकदाच रॅककडे बघून निकाल दिला होता: "मिसळणाच्या डब्यात पाच वाट्या गरम मसाला भरून ठेवलायस. मीठ-मोहरीला जागा कुठेय?" हे त्याला कळायला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावरही त्याने घेतला तो सहावा ऑसिलेटरच. व्हीसीए दिसायला अगदीच साधा असतो हो, पाहुण्यांना काय दाखवणार?

विजेचा हिशेबही असतो. अधिक १२ व्होल्टवर किती मिलिअँपिअर, उणे १२ वर किती; बेरीज पुरवठ्याच्या आतच हवी. मागच्या चपट्या वायरीची लाल रेघ उणे १२ च्या बाजूला लावायची. एकदा ती उलटी लागली. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कसला वास येतोय?" याने सांगितलं, "उदबत्ती."

"हे असलं आपल्याकडे कुठे होतं?" असं मंडळातल्या काकांनी विचारलं, तर त्याने पट्ट्या सोडल्या आणि १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर कसा आला, तो संगीतकार डेव्हिड ट्यूडरने कसा बसवला, इथपासून सुरुवात केली. काकांची शेवटची ट्राम चुकली.

पेटी नाही तर नाही, तानपुरा तरी दे, यावर तडजोड झाली. प, सा, सा, खर्ज: सिक्वेन्सरच्या चार घरांत चार दाब. एका सप्तकाला एक व्होल्ट. खर्ज सरळ एक व्होल्ट खाली, मंद्र पंचमासाठी व्होल्टचे बारा भाग करून पाच उतरायचे. हे त्याने इतक्या प्रेमाने लावलं की मला पहिल्यांदाच त्याचा हेवा वाटला.

गणपतीच्या दिवशी बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये दीडशे माणसं, समया आणि कापूर. उकाड्याने अ‍ॅनालॉग ऑसिलेटर सरकू लागले, आणि नेमके वर सरकले. पण आपली आरती तरी कधी ज्या पट्टीत सुरू होते तिथे संपते? माणसं चढली, तसा तानपुराही त्यांच्यामागून चढत गेला. घामाघूम होऊन तो बटणं उलटी फिरवत होता, आणि झांजवाले त्याच्याकडे बघून खुशीत माना डोलावत होते. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "इतकी सुरात आरती या हॉलात कधी झाली नव्हती!"

तो मात्र खचला होता. प्रसादाच्या रांगेत हातावर मोदक पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "एक ट्यूनर हवाच रे. चार एचपी शिल्लक आहेत."