राजपुत्राच्या मानाने

चित्राआधी खालची पाटी वाचणारी माणसं सगळ्याच देशांत आढळतात. पण या जातीचा अस्सल नमुना बघायचा तर इंग्लंडलाच जायला हवं, आणि तेही चित्र राजघराण्यातल्या कुणी काढलेलं असताना. जानेवारी २०२२ मध्ये लंडनच्या चेल्सी बॅरक्समधल्या गॅरिसन चॅपलमध्ये तेव्हाचे युवराज, आताचे राजे चार्ल्स यांची ७९ जलरंगचित्रं मांडली होती. अशा ठिकाणी आमचे हे गृहस्थ हमखास भेटतात. सत्तरीचं वय, ट्वीडचा कोट, काखेत छत्री. बूट पॉलिश केलेले, पण नवे वाटणार नाहीत इतपतच.

गृहस्थ आधी पाटी वाचतात. मग दोन पावलं मागे जातात. मान डावीकडे, मग उजवीकडे. 'हं.' नंतर चष्मा कपाळावर चढवून, म्हणजे चित्र दिसेनासं करून, ते निकाल देतात, "राजपुत्राच्या मानाने खरंच वाईट नाही."

या एका वाक्यात राजनिष्ठाही राहते आणि अब्रूही. सरळ 'सुंदर' म्हणावं तर माणूस खुशमस्कऱ्या ठरतो आणि 'सुमार' म्हणावं तर राजद्रोही. 'मानाने' म्हटलं की दोन्ही टळतं. बाकीचा शब्दसंग्रह ठरलेला. आकाश मोठं असेल तर 'प्रकाश', डोंगर निळा असेल तर 'वातावरण', आणि चित्रात फारसं काही नसेल तर 'संयम'.

मतामागे अभ्यास आहे हं. व्हिक्टोरिया राणीही जलरंगात चित्रं काढायची आणि १८४६ मध्ये तिला शिकवायला एडवर्ड लिअर होता, हे ते विचारल्याशिवाय सांगतात. लिअर म्हणजे तोच, जगाला वेड्याबागड्या कविता देणारा. "तेव्हा रक्तातच आहे!" असा निष्कर्ष काढून ते पुढच्या चित्राकडे वळतात. शिकवणी लावावी लागली, तर मग रक्तात काय होतं, असं विचारण्याची सोय नसते. तोवर त्यांनी पुढची पाटी वाचायला घेतलेली असते.

त्यांच्याच शेजारी त्यांचा वैचारिक सावत्रभाऊ उभा असतो. याला राजेशाहीच नको आहे. त्यामुळे तो पाटीसुद्धा अर्धीच वाचतो. "बिस्किटाच्या डब्यावर शोभेल." आता या राजपुत्राने स्थापलेल्या डची ओरिजिनल्स या कंपनीची खरोखरच ओटची बिस्किटं निघाली, १९९२ मध्ये, आणि ती सावत्रभाऊही चहाबरोबर खातो. तिसरे येतात ते वास्तुविशारद. १९८४ मध्ये नॅशनल गॅलरीच्या नियोजित विस्ताराला युवराजांनी भर समारंभात गळू म्हटलं. पुढे ती योजना बारगळली. तेव्हापासून ही मंडळी संधी शोधत आहेत. चित्रात एखादा किल्ला दिसला रे दिसला की ती नाक कागदाला लावून त्याच्या भिंती ओळंब्यात आहेत का ते बघतात. पण एक कबूल करायला हवं, सगळ्या गर्दीत चित्र जवळून बघणारे तेवढेच.

चित्रं आहेत कशी? शांत आहेत. स्कॉटलंडमधल्या बालमोरलचे डोंगर, प्रोव्हान्सचं ऊन, टांझानियाची माळरानं. आभाळ जमिनीपेक्षा बरं जमतं, असं माझं मत. माणसं फारशी नसतातच, आणि मला ते पटतं. ज्याचा जन्म हस्तांदोलनात गेला, तो सुट्टीत आणखी माणसं कशाला काढेल? फोटो काढून समाधान होईना म्हणून युवराजांनी सत्तरच्या दशकात ब्रश धरला. धरला तोही जलरंगाचा. तैलरंगात चुकलं तर वर आणखी रंग चढवून झाकता येतं. इथे कागदाचा पांढरेपणा गेला की गेला. त्यात स्कॉटलंडची हवा. आपला वॉश वाळायच्या आत पाऊस स्वतःचा वॉश देऊन जातो. आयुष्यभर समोरचा माणूस कमरेत वाकलेला पाहिल्यावर, हुकूम न मानणारं पाणी बरं वाटत असेल.

या मतांच्या गलबल्याची त्यांनाही कल्पना असणार. कारण १९८७ मध्ये त्यांनी रॉयल अकादमीच्या उन्हाळी प्रदर्शनासाठी एक निसर्गचित्र पाठवलं ते 'आर्थर जॉर्ज कॅरिक' या नावाने. आपल्या लांबलचक नावातली दोन नावं आणि एका पदवीतलं तिसरं. निवड समितीला पत्ता नव्हता. चित्र निवडलं गेलं, भिंतीवर लागलं. मला विचाराल तर त्या चित्राला मिळालेलं चोख मत तेवढंच. पण गृहस्थांना विचारा. "मी गेलो होतो ना त्या वर्षी! ते छोटं चित्र बघताच म्हटलं, हा हात साधा नाही." चर्चिलनेही १९४७ मध्ये खोट्या नावाने याच अकादमीत चित्रं पाठवली होती आणि तीही घेतली गेली, हे सांगून ते वर म्हणतात, "तीही मी ओळखली असती. पण तेव्हा माझा जन्मच व्हायचा होता."

१९९४ मध्ये युवराजांच्या पाच चित्रांची टपाल तिकिटं निघाली. पन्नाशीकडे झुकलेल्या मुलाच्या चित्रांवर, कोपऱ्यात, रिवाजाप्रमाणे आईसाहेबांची छबी होतीच. त्या काळात तिकिटं जिभेने चिकटवत. राजपुत्राच्या कलेबद्दल गावोगावच्या प्रजेने एवढ्या एकमताने जीभ चालवल्याचा दुसरा प्रसंग नसेल.

एकदा न राहवून मी गृहस्थांना आमच्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींबद्दल सांगितलं. संस्थानिक असून स्वतः चित्रकार, रामायण चित्रांत उतरवलेलं, औंधला उभं केलेलं संग्रहालय, आणि १९३९ मध्ये राज्यकारभारच प्रजेच्या हाती दिला. त्यांनी सगळं आदराने ऐकलं. चित्र एकही पाहिलेलं नव्हतं. तरी चष्मा कपाळावर गेलाच.

"महाराजांच्या मानाने," ते म्हणाले, "चांगलीच असणार."

पुढे काही दिवसांनी ते एका गावच्या सभागृहात भेटले. हौशी चित्रकारांचं प्रदर्शन होतं. टेकडी होती, आभाळ मोठं होतं, संयम तर ओसंडून वाहत होता. गृहस्थांनी पाटी वाचली. चित्रकार निवृत्त दंतवैद्य होता.

"चहा कुठे ठेवलाय?" त्यांनी विचारलं.